जावईबापूंची बेटफेरी

ज्या माणसाने बत्तीस वर्षं सरकारी खुर्च्यांना नंबर घातले, त्याच्या हातून स्वतःची सासू हरवावी, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. पण ती हरवली. भर दुपारी, लख्ख उजेडात, आणि हरवली तेव्हा गाढ झोपलेली होती.

या जावईबापूंना ऑफिसात 'डेडस्टॉक' म्हणत. ऑफिसात प्रेमाने, घरी नुसतंच. टेबल, कपाट, पंखा, पितळी घंटा, थोडक्यात जे जे म्हणून आपण होऊन हलत नाही, त्याची नोंद ठेवायची वही म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, आणि ते बत्तीस वर्षं यांच्या ताब्यात होतं. पांढऱ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन ते मजलाभर हिंडत आणि दिसेल त्या वस्तूच्या पाठीवर नंबर घालत. एक साहेब जेवणानंतर खुर्चीत बराच वेळ न हलता बसले होते, तर त्यांच्या कोटावर चारशे बारा पडता पडता राहिला, असं सांगतात. वर्षअखेरच्या पडताळणीत एक कचऱ्याची टोपली कमी भरली, तर हा गृहस्थ दोन दिवस अन्नाला शिवत नसे.

बेटावर जायचं निघालं ते सासूबाईंमुळे. सासूबाईंचं वय ब्याऐंशी. त्यांचे यजमान लग्नानंतरची पहिली तीन वर्षं त्या बेटाच्या टोकाला, दीपगृहावर नोकरीला होते, आणि सासूबाई ती तीन वर्षं इकडे, सासऱ्यांच्या घरात. 'तुला आणलं असतं, पण खोली एवढीशी की एक खाट टाकली तर दार उघडत नाही,' असं यजमानांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. पुढे बदली झाली, संसार झाला, मुलं झाली, यजमान रीतसर म्हातारे होऊन गेलेसुद्धा. सासूबाईंचा त्या वाक्यावरचा संशय मात्र जागच्या जागी होता. साठ वर्षं त्यांना एकच गोष्ट करायची होती: ती खोली एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची.

आणि आता बातमी आली होती की दीपगृहाच्या पायथ्याच्या जुन्या खोल्या सोमवारपासून पाडायला घेणार. डेडस्टॉक, त्यांची बायको आणि सासूबाई बेटावर पोचले शुक्रवारी. परतीची बोट रविवारी सकाळची. दीपगृह बघायला मिळतं पाचपर्यंत. म्हणजे हाताशी होता फक्त शनिवार.

दीपगृहाकडे बस जात नाही. लॉजच्या मॅनेजरने ड्रायव्हरसकट गाडी देऊ केली. बायको हो म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंच्या तोंडून सहज, निव्वळ चांगुलपणाने निघून गेलं, "जावईबापूंना येते की चालवता."

झालं. डेडस्टॉक खुर्चीत एक इंच वाढले. तीस वर्षं ते सासूबाईंच्या तोंडून एका कौतुकाच्या शब्दाची वाट बघत होते. सासूबाई वाईट बोलत नसत, पण चांगलं बोलायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. गाडीचं म्हणाल, तर लायसन त्यांच्याकडे होतं. सत्तावीस वर्षं होतं. त्या सत्तावीस वर्षांत त्यांनी मेव्हण्याची गाडी वर्षातून दोनदा सोसायटीच्या आवारात पुढेमागे केली होती, आणि एकदा बायकोला घेऊन थेट भाजीबाजारापर्यंत गेले होते. तेव्हापासून त्यांनी गाडीचा विषय काढला की बायको म्हणे, मला घाई आहे, मी आपली चालतच जाते.

घरून निघण्याआधी शेजारच्या विमा एजंटांनी सल्ला दिला होताच. या एजंटांना जगातली कुठलीही वस्तू दाखवा, ती माणसाच्या अंगावर कशी पडू शकते हे ते सांगतात. बेट म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. बेटावर रस्ता अरुंद असतो, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि दोन्हींत पडायची सोय. भाड्याच्या गाडीवर आधीपासून ओरखडे असतात, ते परत देताना आपल्या नावावर टाकतात. म्हणून ताबा घेताना एकेक ओरखडा लिहून घ्यायचा. बाकीचा सल्ला डेडस्टॉक घरी पोचेपर्यंत विसरले, पण 'ताबा घेताना' हे दोन शब्द त्यांच्या काळजात रुतून बसले.

शनिवारी सकाळी साडेदहाला तिघं गाडीवाल्याच्या दारात हजर झाली. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, टेबल, तीन पायांवर उभी असलेली खुर्ची आणि भिंतीवर किल्ल्यांचे खिळे. बाहेर एकाच जातीच्या, एकाच पांढऱ्या रंगाच्या चौदा गाड्या ओळीत उभ्या होत्या, एका साच्यातून काढल्यासारख्या.

गाडीवाल्याने लायसन हातात घेतलं, फोटोकडे पाहिलं, डेडस्टॉककडे पाहिलं. फोटोतल्या माणसाला भरघोस केस आणि मिशा होत्या. समोरच्याला दोन्ही नव्हतं. हे तुमचंच का, असं त्याने विचारलं. डेडस्टॉक म्हणाले, माझंच. मग गाडीवाल्याने कुणातरी जबाबदार माणसाची साक्ष मागितली. बायको म्हणाली की लग्नात हे असेच दिसत होते. त्यावर सासूबाईंना खोकला आला, पण त्यांनी मान हलवली, आणि ती साक्ष ग्राह्य धरली गेली. पुढे फॉर्म. त्यात 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे' असा रकाना होता. ज्यांना कळवायचं त्या दोघी त्याच गाडीत बसणार होत्या. रकाना मोकळा ठेवता येत नाही, असं गाडीवाला म्हणाला. दुसऱ्या कुणाचं हे बोलणं असतं तर डेडस्टॉक चिडले असते, पण मोकळा रकाना त्यांनाही सहन होत नसे. शेवटी विमा एजंटांचं नाव लिहिलं. त्यांना अशी बातमी ऐकायला आवडली असती.

मग ओरखडे. डेडस्टॉकनी खिशातून नवी कोरी वही काढली, चष्मा पुसला आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. 'ओरखडा क्रमांक एक, लांबी चार बोटं, आकार वाकडा.' गाडीवाला आधी हसला, मग जांभई देऊ लागला, मग आत जाऊन पडला. तासाभराने डेडस्टॉक उठले तेव्हा एकसष्ट ओरखडे, नऊ पोचे आणि मागच्या काचेवरचा पक्ष्याने केलेला एक ऐवज, असं सगळं वहीत चढलं होतं. शेवटच्या नोंदीपुढे त्यांनी 'तात्पुरता' असा शेरा मारला. गाडीवाल्याला उठवून सही घेतली. बायको घड्याळाकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत होती. बारा वाजले होते.

रस्ता चुकायचा प्रश्न नव्हता. बेटाला एकच रस्ता, समुद्राच्या कडेने गोल फिरणारा. समुद्र डावीकडे ठेवायचा आणि जात राहायचं. डेडस्टॉकनी समुद्र डावीकडे ठेवला, पण जात राहणं जमेना. गाडी सुटली की उडी मारायची आणि मग विचारात पडायची. ते ताशी पंधराने निघाले. एक सायकलवाला मागून आला, बरोबरीने थोडा चालला, दीपगृह अजून लांब आहे एवढं सांगून पुढे निघून गेला. प्रत्येक वळणाला ते हॉर्न वाजवत, थांबत, काच खाली करून कानोसा घेत आणि मग वळत. मागच्या सीटवर सासूबाई टक्क जाग्या होत्या. त्यांनी त्या दोन तासांत बेटावरचं एकेक झाड, एकेक दगड आणि कुंपणावर वाळत घातलेला एकेक कपडा पाहून घेतला.

दोन वाजून गेल्यावर एका उंचवट्यावर मोठ्या झाडाखाली त्यांनी गाडी थांबवली. समोर चहाची टपरी होती. इंजिन बंद पडलं आणि त्या क्षणी सासूबाईंच्या डोळ्यांवर झोप आली. अंगावरची शाल डोक्यावरून ओढून त्या सीटवर आडव्या झाल्या. वारा छान होता, काचा उघड्या होत्या. दहा मिनिटं पडू दे, असं म्हणून नवरा-बायको टपरीवर गेले.

त्यांच्या पाठोपाठ आणखी एक पांढरी गाडी येऊन शेजारी उभी राहिली होती. तिच्यातून उतरलेल्या जोडप्याच्या लग्नाला अकरा दिवस झाले होते. त्यांनी समुद्र पाहिला, एकमेकांना पाहिलं, परत येऊन जवळची पांढरी गाडी उघडली आणि निघून गेले. मागच्या सीटवर शालीखाली काहीतरी होतं. त्यांनीही आपलं सामान शालीखालीच ठेवलं होतं. आणि लग्नाला अकरा दिवस झालेली माणसं मागच्या सीटकडे बघत नाहीत.

डेडस्टॉक परत आले तेव्हा झाडाखाली एकच गाडी होती. आता एकच वस्तू शिल्लक असेल तर पडताळणी कसली करायची? बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एवढी एकच पडताळणी टाळली. किल्ली लागली, इंजिन सुरू झालं. मागे शालीखाली फुगीर आकार निवांत पडला होता. उठवू नका, असं बायकोने ओठांवर बोट ठेवून सांगितलं.

पहिल्या वळणाला त्यांनी ब्रेक दाबला, तेव्हा मागून मोठा सुस्कारा आला. फुस्स.

दुसऱ्या वळणाला पुन्हा ब्रेक, पुन्हा सुस्कारा. तिसरा तर चांगलाच लांबलचक होता. त्यांचे कान लाल झाले. आपण कोणासाठी एवढे कष्ट उपसतोय आणि आपल्याला मिळतंय काय, हा विचार त्यांच्या मनात येऊन बसला. शेवटी ते हळू आवाजात बायकोला म्हणाले, "तुझ्या आईला काही म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणावं. हे असे उसासे टाकू नयेत."

"झोपेत आहे ती."

"झोपेत?"

"झोपेतसुद्धा कळतंय तिला. बघा आता."

पुढचे दहा-बारा मैल बायको खिडकीबाहेर बघत राहिली आणि डेडस्टॉक रस्त्याकडे. उसासे चालूच होते, फक्त हळूहळू क्षीण होत चालले होते. मग बायकोने सहज मागे वळून पाहिलं, पुन्हा पुढे बघितलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा मागे.

"अहो," ती म्हणाली, "आई बारीक झाली."

"प्रवासाने होतं तसं," डेडस्टॉक म्हणाले. सुस्काऱ्यांचा राग अजून उतरला नव्हता.

"अहो, आई अर्धी झाली."

त्यांनी ब्रेक दाबला. मागून अखेरचा उसासा आला आणि शाल सीटवर सपाट झाली. बायकोने उतरून शाल उचलली. खाली पोहायची एक रबरी ट्यूब होती, पिवळी, पुढे बदकाचं तोंड असलेली. हवा जाऊन बदकाची मान एका बाजूला पडली होती.

डेडस्टॉकनी काय केलं असेल? दुसरा कुणी ओरडला असता, देवाचं नाव घेतलं असतं. यांनी खिशातून वही काढली. बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी गुडघे टेकले. ओरखडा क्रमांक एक नव्हता. दोन नव्हता. जिथे तीन हवा तिथे ताटाएवढा पोचा होता. ते उठून गंभीरपणे म्हणाले, "ही गाडी आपली नव्हे."

बायको म्हणाली की बदक आपलं नव्हे हे तिला वहीशिवायच कळलं होतं, आणि मग तिला रडू आलं.

गाडीवाल्याचा फोन नंबर काचेवर होता. तो झोपेतून उठला आणि अतिशय शांतपणे बोलला. त्याच्या सगळ्या गाड्यांना एकच किल्ली लागते. गिऱ्हाईकं किल्ल्या हरवतात आणि मग त्यांचीच पंचाईत होते, म्हणून त्याने मुद्दाम तसं करून घेतलं होतं. गाडी बदलणं हे आठवड्यातून दोनदा होतंच, तुमची त्या बदकवाल्या नव्या जोडप्याने नेली असणार. डेडस्टॉक म्हणाले, गाडीचं सोडा, माझ्या सासूबाई त्या गाडीत आहेत. त्या जोडप्याला फोन लावा. त्यावर गाडीवाला म्हणाला, बेटाच्या त्या बाजूला फोन लागत नाहीत. पण काळजी करायचं कारण नाही, सात वाजता सगळ्या गाड्या जमा होतात, आणि गाडी जमा झाली की आतला माणूस आपोआप जमा होतो.

"आजवर माझी एकही गाडी हरवलेली नाही," तो म्हणाला.

हे वाक्य डेडस्टॉकनी स्वतः किती वेळा म्हटलं होतं. वस्तू कुठे जात नाही, वर्षअखेर सापडते. पण सात वाजता सापडून काय उपयोग? पाचला दीपगृह बंद होणार, सकाळी बोट, सोमवारी कुदळ. बाई साठ वर्षं थांबली, आणि तिला गाडीवाल्याच्या पत्र्याच्या खोलीत तीन पायांच्या खुर्चीवर बसवून ठेवायचं? त्यांना वाटलं, आपण ओरखडे मोजले नसते तर एक तास हाताशी होता. हे त्यांना इतकं लागलं की त्यांनी ते तोंडाने कबूल केलं. बायकोने डोळे पुसले आणि म्हणाली, रस्ता एकच आहे, ती पोरं पुढेच गेली असणार. आणि आई जागी झाली तर कुठे न्यायला सांगेल, हे काय कुणी सांगायला हवं?

"किती वाजले?"

"सव्वाचार. दाबा."

सत्तावीस वर्षांत या बाईने त्यांना 'हळू' याखेरीज दुसरा शब्द सांगितला नव्हता. डेडस्टॉकनी दाबली. काटा वीस ओलांडून तीसवर गेला, चाळीसवर गेला, आणि पन्नासला तर त्या गाडीलाच आश्चर्य वाटलं असावं. कानोसा घेणं बंद झालं. दुपारचा तो सायकलवाला अजून वाटेतच होता. त्याने यांना येताना पाहिलं आणि सायकल घेऊन सरळ शेतात उतरला.

पाचला बारा मिनिटं कमी असताना दीपगृह आलं. फाटकाशी पांढरी गाडी उभी होती. दाराच्या कडीशेजारी ओरखडा क्रमांक सतरा जसाच्या तसा होता. डेडस्टॉकना त्या ओरखड्यावरून हात फिरवावासा वाटला.

आत पायथ्याशी एक खोली होती, दार बंद. डेडस्टॉकनी ढकललं, ते अलगद उघडलं. आतलं दृश्य त्यांना काही वेळ समजेना. एका भिंतीला लागून फरशीवर तो नवरदेव उताणा पडला होता, हात सरळ, पाय जुळवलेले. दुसऱ्या भिंतीला लागून नवरी तशीच पडली होती. आणि मधल्या मोकळ्या जागेत सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"दार पूर्ण उघडा जावईबापू," त्या म्हणाल्या. "भिंतीला लागू द्या."

डेडस्टॉकनी उघडलं. भिंतीला लागलं. कुणाच्या पायालाही धक्का लागला नाही.

झालं होतं असं. दीपगृहाशी गाडी थांबल्यावर सासूबाई शालीतून उठून बसल्या, तेव्हा पुढे बसलेल्या दोघांची पाचावर धारण बसली. नवरीने किंकाळी मारली, नवरदेव गाडीतून उतरून पळाला आणि बायको आत राहिली हे आठवून परत आला. सासूबाईंना वाटलं, जावईबापूंनी ड्रायव्हर बदलला, उशिरा का होईना शहाणपण सुचलं. मग त्यांनी त्या पोरांना ताबडतोब कामाला लावलं. तो पोरगा एका खाटेएवढा उंच होता आणि नवरी थोडी कमी, पण सासूबाई म्हणाल्या, माझी खाट लहान असली तरी चालली असती.

"आता तुम्ही इथे कोपऱ्यात बसा," त्यांनी डेडस्टॉकना सांगितलं. "मांडी घालून. पाळण्याच्या जागी."

डेडस्टॉक बसले. पाळणाही मावला. चहाचा स्टोव्ह ठेवायला खिडकीखाली जागा उरली. खिडकीतून समुद्र दिसत होता, दुसरं काही नाही. सासूबाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या, आणि पाठमोऱ्या कितीतरी वेळ उभ्या होत्या. फरशीवरच्या दोघांना उठावं की नाही कळेना. पहारेकरी दारात येऊन किल्ल्या वाजवायला लागला, पण आत तीन माणसं जमिनीवर मांडलेली पाहून त्याने त्या खिशात घातल्या.

लेकीला राहवेना. "आई, बाबांना वाटलं असेल, इथे तुझे हाल होतील."

"तू मध्ये बोलू नकोस. आमचं आहे ते." मग जरा वेळाने सासूबाई वळल्या, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा एखाद्याला रंगेहाथ पकडल्यासारखा खुलला होता. "दोन खाटा बसतात," त्या म्हणाल्या. "बरं झालं बघितलं. आता वर भेट झाली की बोलायला विषय आहे."

बाहेर आल्यावर गाड्यांचा हिशेब जुळवला, बदक ज्याचं त्याला दिलं. नवरदेव भला पोरगा होता. म्हणाला, आजींना आमच्या गाडीत बसू दे, मी सावकाश नेतो. बायकोलाही ते पटलं. मुलगा गाडी इतकी छान चालवतो की आई दोन तास झोपून राहिली, असं ती म्हणालीसुद्धा, आणि म्हणून झाल्यावर तिने नवऱ्याकडे पाहिलं.

डेडस्टॉक खाली बघत होते. मग ते दोन पावलं पुढे आले. "आई, तुम्ही त्यांच्याबरोबरच जा. तुम्हाला इथे त्यांनी आणलं, मी नाही. मी तर तुम्हाला हरवलं. मला चालवता येतं म्हणालात, ते काही तितकंसं खरं नाही."

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. खोकला आला नाही.

"या पोराने मला झोपेत आणून टाकलं," त्या म्हणाल्या. "झाडापासून इथपर्यंत काय होतं, मला ठाऊक नाही. तुम्ही चालवता तेव्हा जावईबापू, डोळ्याला डोळा लागत नाही. जीव मुठीत धरून सगळं दिसतं. मला राहिलेलं बेट बघायचंय. तुमच्याच गाडीत बसते."

हे कौतुक होतं की नाही, यावर नवरा-बायकोत आजतागायत एकमत झालेलं नाही. डेडस्टॉकनी मात्र त्याच क्षणी ठरवून टाकलं. त्यांनी पुढचं दार उघडून धरलं. सासूबाई आत बसल्या, शाल घट्ट लपेटून घेतली, दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड पकडला आणि डोळे मोठे करून म्हणाल्या, "हं. चालवा."